तीन ओळी, तीन भाव

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या कोकणातल्या गावच्या वाचनालयाच्या समितीपुढे तीन कोटेशनं आली. चार संगणक घ्यायचे होते. एक ग्रंथपालबाईंच्या टेबलावर, पुस्तकांच्या देवघेवीसाठी आणि हिशेबासाठी. उरलेले तीन अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी. तिन्ही कोटेशनांत यंत्राचं वर्णन शब्दशः एकच होतं: आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. भाव मात्र तीन. पहिल्याचा १८,००० रुपये, दुसऱ्याचा ३८,०००, तिसऱ्याचा ५५,०००.

खजिनदारांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “अहो, तिन्हीकडे आय-फाईव्हच आहे ना? मग सदतीस हजार जास्तीचे कशाबद्दल मोजायचे?”

प्रश्न रास्त होता. पैसा वर्गणीदारांचा होता, आणि असा हिशेब विचारणारा माणूस प्रत्येक समितीत असायलाच हवा. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. पुढचे तीन आठवडे मी ते शोधत राहिलो. जे सापडलं ते या प्रकरणात मांडतो आहे, कारण हा प्रश्न आमच्या वाचनालयापुरता नाही. शाळा, पतसंस्था, छापखाना, वकिलाचं ऑफिस, घरातलं अभ्यासाचं टेबल, सगळीकडे तीन ओळींचं कोटेशन येतं आणि सगळीकडे शेवटी आकडा पाहून निर्णय होतो.

‘सारखा संगणक’ ही कल्पना

दोन संगणक एकमेकांसारखे असू शकतात ही गोष्ट मुळात फार जुनी नाही. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत ॲपल, कमोडोर आणि टँडी या कंपन्यांची घरगुती यंत्रं विकली जात होती. एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. त्यामुळे गिऱ्हाईक यंत्राची निवड करी, तुलना नव्हे. बैल घ्यायचा की म्हैस, असा तो प्रश्न होता.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. मूळ भाव १,५६५ डॉलर, त्यात रॅम फक्त १६ केबी आणि डिस्क ड्राइव्ह नाहीच. आयबीएमने हे यंत्र घाईने, बाजारात मिळणाऱ्या भागांतून जुळवलं होतं. प्रोसेसर इंटेलचा होता आणि डॉस ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी किल्ली होती बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताच पहिल्यांदा जागा होणारा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅक कंपनीच्या अभियंत्यांनी आयबीएमच्या संहितेची नक्कल न करता, तेच काम करणारं बायॉस नव्याने लिहिलं आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएमचे प्रोग्राम चालवणारं आपलं यंत्र जाहीर केलं. मग अशा यंत्रांची रीघ लागली. तोच प्रोसेसर, तेच डॉस, तेच प्रोग्राम आणि निराळा भाव. आज आपण जी तुलना करतो तिचा जन्म तिथला आहे.

अर्थशास्त्रज्ञांना मात्र हे कोडं त्याच्याही आधी पडलं होतं. अँड्र्यू कोर्ट यांनी १९३९ मध्ये मोटारींचे भाव तपासताना एक युक्ती केली. मोटारीचा एकच एक भाव न धरता वजन, चाकांमधलं अंतर आणि अश्वशक्ती या गुणांचे भाव वेगवेगळे काढले. १९६७ मध्ये ग्रेगरी चाउ यांनी तीच रीत संगणकाला लावली. त्यांनी तीन गुण घेतले: गुणाकाराला लागणारा वेळ, स्मृतीचा आकार आणि स्मृतीतून माहिती काढायला लागणारा वेळ. आपल्या कोटेशनातल्या तीन ओळींशी हे किती जवळचं आहे पाहा. यंत्र किती भरभर विचार करतं, किती लक्षात ठेवतं आणि लक्षात ठेवलेलं किती लवकर काढून देतं.

चाउंच्या कामातली आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. त्यांनी घेतलेला भाव हा महिन्याच्या भाड्याचा होता. त्या काळातले मोठे संगणक बहुतेक भाड्यानेच घेतले जात. गिऱ्हाइकासमोर दर महिन्याला बिल येई आणि दर महिन्याला तो विचारू शके की एवढ्या पैशात एवढं काम झालं का. पुढे संगणक विकत घेण्याची वस्तू झाली आणि हा प्रश्न विचारायची सवय सुटली. प्रकरणाच्या उत्तरार्धात आपल्याला ती सवय परत लावून घ्यायची आहे. पण आधी त्या तीन ओळी नीट वाचू.

पहिली ओळ: आय-५

‘आय-५’ हे एका प्रोसेसरचं नाव नाही, एका घराण्याचं आडनाव आहे. इंटेलने ते २००९ मध्ये वापरायला सुरुवात केली आणि त्यानंतर पिढ्यांमागून पिढ्या त्याच नावाने आल्या. नुसतं आडनाव सांगून आजोबा की नातू हे कळत नाही. ते कळतं पुढच्या आकड्यांवरून. आमच्या पहिल्या कोटेशनातला, १८,००० चा संगणक होता आय-५ ६५००. यातला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, २०१५ ची. उरलेल्या दोघांत होता आय-५ १२४००, म्हणजे बारावी पिढी, जानेवारी २०२२ ची.

६५०० मध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) आणि ४ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारे कामाचे धागे). १२४०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड. सगळ्या कोअरना एकदम कामाला जुंपलं तर नवा जुन्याच्या साधारण तिप्पट काम करतो. गंमत म्हणजे कोटेशनात गिगाहर्ट्झ लिहिले असते तर आमची फसगत आणखी वाढली असती. जुन्याचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ आणि नव्याचा २.५. हा आकडा सेकंदाला किती ठोके पडतात एवढंच सांगतो. एका ठोक्यात किती काम उरकतं ते सांगत नाही, आणि गरज पडताच नवा प्रोसेसर ४.४ पर्यंत चढतो हेही त्यात दिसत नाही.

आकड्यांमागे येणारं अक्षरही वाचायला हवं. ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र उमटवणारा भाग नसतो. तो थोडा स्वस्त पडतो, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. ‘टी’ असेल तर तो कमी विजेवर चालणारा, छोट्या डब्यांसाठी बनवलेला प्रोसेसर असतो. लांबलचक कामात तो त्याच क्रमांकाच्या साध्या भावंडापेक्षा मागे पडतो.

दुसरी ओळ: रॅम

१६ जीबी म्हणजे १६ जीबी, यात काय वेगळं असणार? असतं. ही १६ जीबी एका पट्टीत आहे की ८-८ च्या दोन पट्ट्यांत, यावर बरंच अवलंबून असतं. डीडीआर-४ जातीची ३२०० वेगाची एक पट्टी प्रोसेसरला सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते. दोन पट्ट्या दोन वाटांनी बसवल्या की हीच मर्यादा ५१.२ होते. विहीर तीच, पण रहाट दोन. पत्रं टाइप करताना हा फरक जाणवत नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्राचं कामही याच रॅममधून चालतं, त्यामुळे व्हिडिओ जुळवताना किंवा खेळ खेळताना तो डोळ्यांना दिसतो.

उलट बाजूही आहे. मदरबोर्डवर दोनच खाचा असतील आणि दोन्ही ८-८ ने भरल्या असतील, तर पुढे रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. एकच १६ ची पट्टी असेल तर शेजारी दुसरी बसवता येते. कोटेशनात ‘१६ जीबी’ लिहिलेलं असलं तरी दुकानदाराला विचारायचं की किती पट्ट्या आणि किती खाचा रिकाम्या.

तिसरी ओळ: एसएसडी

जुनी फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबावंच लागतं. एसएसडीत काही फिरत नाही. जुन्या संगणकात फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी घरचे विचारतात की नवा घेतला का.

पण एसएसडी-एसएसडीतही जाती आहेत. साटा जातीची सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई जातीची ३,५०० आणि त्याहून जास्त. कागदावर हा सहापट फरक आहे. मोठमोठ्या व्हिडिओ फायली इकडून तिकडे हलवणाऱ्याला तो पैसे वसूल करून देतो. ब्राउझर आणि वर्ड उघडणाऱ्याला तो जवळपास कळतही नाही.

टिकाऊपणाचंही तसंच. एका सूक्ष्म कप्प्यात ३ बिट साठवणारी टीएलसी आणि ४ बिट साठवणारी क्यूएलसी असे दोन प्रकार प्रचलित आहेत. एका कप्प्यात ४ बिट ठेवायचे तर विद्युतदाबाच्या ८ ऐवजी १६ पातळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण लेखन कमी सोसते. ५०० जीबीच्याच दोन ड्राइव्हपैकी एकाची हमी १०० टेराबाइट लेखनाची आणि दुसऱ्याची ३०० ची असू शकते. आता हिशेब करू. आमच्या वाचनालयात एका संगणकावर रोज १० जीबी लिहिलं गेलं, आणि तेही वर्षाचे ३०० दिवस, तरी वर्षाला ३ टेराबाइट होतात. म्हणजे १०० ची हमीसुद्धा ३३ वर्षांची झाली. फरक खरा आहे, पण आमच्यासाठी त्याची किंमत शून्य. तुलना करणाऱ्याने जसे लपलेले फरक शोधायचे, तसेच दिसणारे पण निरुपयोगी फरक सोडूनही द्यायचे.

न लिहिलेल्या ओळी

तीन ओळींचं वाचन संपलं तेव्हा १८,००० आणि ३८,००० मधलं कोडं सुटलं होतं. पहिल्या यंत्राच्या प्रोसेसरची पिढी जवळपास आठ वर्षं जुनी होती. ते एखाद्या मोठ्या ऑफिसातून बाहेर पडून साफसूफ होऊन आलेलं, म्हणजे रिफर्बिश्ड होतं. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की कोटेशनात ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द नव्हता.

पण ३८,००० आणि ५५,००० चं काय? तिथे तर प्रोसेसर, रॅम, एसएसडी खरोखर एकसारखे होते. १७,००० चा हा फरक कोटेशनात न लिहिलेल्या ओळींत होता.

पहिली न लिहिलेली ओळ कराची. डेस्कटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो. ३८,००० हा आकडा करासहित नसेल तर खरा भाव होतो ४४,८४०. आमची कोटेशनं सुदैवाने करासहित होती. शिवाय जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हा कर पुढे वळता करून घेता येतो, घरगुती गिऱ्हाइकाला आणि वाचनालयाला नाही. एकाच बिलाचं ओझं दोघांना वेगळं पडतं.

दुसरी ओळ विंडोजची. ५५,००० च्या ब्रँडेड यंत्रात परवानाधारक विंडोज होतं. ३८,००० च्या, दुकानात सुटे भाग जुळवून असेंबल केलेल्यात नव्हतं. “टाकून देऊ” एवढं तोंडी आश्वासन होतं. विंडोज होमचा परवाना सुटा घेतला तर दहा हजारांच्या आसपास जातो. सार्वजनिक संस्थेने चोरीची प्रत वापरू नये आणि घरीही वापरू नये, हे मी हिशेबाच्या आधी म्हणेन. परवाना धरला की असेंबलचा भाव ४८,००० होतो. कीबोर्ड आणि माऊसचे आणखी एक हजार धरून ४९,०००.

उरले ६,०००. ही तिसरी ओळ, हमीची. ब्रँडेड यंत्राला तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी होती, म्हणजे बिघाड झाला की तंत्रज्ञ आपल्या जागी येणार. असेंबल यंत्रात हमी नसते असं नाही. प्रत्येक भागाची वेगळी असते: डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला तीन ते पाच, रॅमला त्याहून जास्त. पण कोणता भाग बिघडला हे आपण शोधायचं, तो सोडवायचा आणि त्या त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळ राहणाऱ्याला हे जड नाही. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, पाच मिनिटांत पोचता येतं. आमच्या गावाहून हाच प्रवास रात्रभराच्या एसटीचा आहे. वर्षाला दोन हजार देऊन तंत्रज्ञ दारात येणार असेल तर आमच्यासाठी तो सौदा बरा. मात्र तो आमच्या पिनकोडपर्यंत खरंच येतो का, हे आधी कंपनीच्या क्रमांकावर फोन करून विचारायला हवं. आम्ही विचारलं. येतो म्हणाले, तीन कामकाजाच्या दिवसांत.

चौथी ओळ कॅबिनेटच्या आतल्या त्या डब्याची, ज्याला आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज संगणकाला मानवेल अशी करून देणं हे त्याचं काम. कोटेशनात बहुधा तो ‘४५० वॅट’ एवढ्याच शब्दांत येतो किंवा येतच नाही, आणि असेंबल करणाऱ्याला भाव उतरवायला सगळ्यात सोपी जागा हीच सापडते. २००४ पासून ‘८० प्लस’ नावाची चाचणी आहे. तिचा शिक्का असलेला एसएमपीएस घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज आतल्या भागांना पोचवतो, उरलेली उष्णता होते. पावसाळ्यात जिथे दाब सतत वरखाली होतो तिथे या डब्यावर हजार रुपये वाचवणं म्हणजे मदरबोर्ड पणाला लावणं.

इथे असेंबल यंत्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याचा मदरबोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट हे सगळं प्रमाणित मापाचं असतं. पाच वर्षांनी काहीही गेलं तरी कोणत्याही दुकानात त्याच्या जागी दुसरं मिळतं. ब्रँडेड ऑफिस संगणकात बरेचदा एसएमपीएसचा आकार आणि मदरबोर्डची जोडणी कंपनीच्या खास मापाची असते. हमी संपल्यावर तो भाग मिळाला तर मिळाला. सुरुवातीची तीन वर्षं ब्रँडेड यंत्र मालकाची काळजी घेतं. नंतरची वर्षं असेंबल यंत्र जास्त माफक पडतं. हा गुण कोणत्याच कोटेशनात लिहून येत नाही.

पाचवी ओळ तारखेची. सुट्या भागांचे भाव भाजीसारखे हलतात. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महाग झाल्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमच्या भावांनी उसळी घेतली. जानेवारीतलं एक कोटेशन आणि मार्चमधलं दुसरं शेजारी ठेवून केलेली तुलना फुकट जाते. एकाच आठवड्यातली कोटेशनं घ्यायची आणि भाव किती दिवस धरून ठेवणार ते लिहून मागायचं.

भागाकार

आता त्या जुन्या मासिक भाड्याकडे परत येऊ. यंत्र विकत घेतलं तरी मनात भाडं काढता येतं: सगळ्या न लिहिलेल्या ओळी धरून झालेला भाव भागिले ते आपल्या कामाला किती वर्षं येईल.

‘चालेल’ आणि ‘कामाला येईल’ यांत फरक आहे, आणि १८,००० च्या यंत्राचा निकाल तिथेच लागला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सहाव्या पिढीच्या यंत्रावर विंडोज १० च राहणार होतं, आणि त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळणार हे तेव्हाच जाहीर होतं. २०२३ च्या मेपासून मोजलं तर जेमतेम अडीच वर्षं. वाचकांच्या नोंदी आणि पैशाचा हिशेब ज्या यंत्रावर असतो ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना जाळ्याला जोडून ठेवणं योग्य नाही. म्हणजे १८,००० भागिले अडीच, वर्षाला ७,२००.

असेंबल यंत्र: ४९,००० भागिले सात वर्षं, वर्षाला ७,०००. ब्रँडेड: ५५,००० भागिले सात, वर्षाला ७,८५० च्या आसपास. १८,००० आणि ५५,००० हे आकडे वर्षाच्या मापाने मोजले तर एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात.

खजिनदारांनी हा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “पण विंडोज लागतंच कशाला? अभ्यासिकेतली पोरं करतात काय, तर पीडीएफ वाचतात, व्याख्यानं बघतात, सराव परीक्षा देतात.”

इतक्या दिवसांत मला न सुचलेला प्रश्न त्यांनी विचारला होता. ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझर लिनक्स या कार्यप्रणालीवर तितकाच चांगला चालतो. लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत, जुन्या प्रोसेसरवरही त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात आणि मराठी युनिकोड टंकलेखन त्यात आधीपासून असतं. सहाव्या पिढीचं तेच यंत्र लिनक्सवर चार वर्षं धरलं तर १८,००० भागिले चार, वर्षाला ४,५००. यंत्र बदललं नाही, भाव बदलला नाही. कामाची व्याख्या नीट झाली आणि मोल बदललं.

विजेचं बिल

वर्षाचा खर्च म्हटला की वीज आली. संगणक दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस चालला तर २,४०० तास होतात. पडदा सोडून सरासरी ४० वॅट घेणारा आजचा डेस्कटॉप यात ९६ युनिटं खातो. सरासरी ७० वॅट घेणारा दहा-बारा वर्षांपूर्वीचा १६८ युनिटं. युनिटला १० रुपये धरले तर ९६० आणि १,६८०. वर्षाला फरक ७२० रुपयांचा. एका यंत्रासाठी यावरून निर्णय बदलू नये. पण वीस यंत्रांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तोच फरक वर्षाला १४,४०० होतो, आणि तिथे तो मोजायलाच हवा.

विजेचा दुसरा हिशेब बिलात येत नाही. ती जाते तेव्हा काय? साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात त्यातले निम्म्याच्या आसपास हाती लागतात. यंत्र आणि पडदा मिळून १०० वॅट घेत असतील तर पंचवीस मिनिटं. ५० घेत असतील तर पाऊण तासाहून जास्त. भर पावसाळ्यात, सराव परीक्षेच्या मधोमध, ही मिनिटं पैशांहून मोलाची ठरतात.

वेगळ्या जातीचं यंत्र

तुलनेची खरी परीक्षा होते ती ॲपलच्या मॅक मिनीपाशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला एम-४ प्रोसेसरचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून मिळू लागला: १६ जीबी स्मृती, २५६ जीबी एसएसडी. तळहाताएवढा, पाच इंच लांबरुंद डबा. स्वस्थ बसलेला असताना ॲपलच्या आकड्यानुसार ४ वॅट घेतो. वेगात तो आमच्या १२४०० च्या बराच पुढे.

आता हा ‘सारखा’ कसा करायचा? ५१२ जीबीचा मॅक मिनी घ्यायचा तर तेव्हाचा भाव ७९,९००. बाजारात तेव्हा काही हजारांत मिळणाऱ्या २५६ जीबीसाठी इथे २०,००० मोजावे लागत. स्मृती प्रोसेसरच्या जोडीला कायमची बसवलेली असते. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. म्हणून ओळीला ओळ लावून केलेल्या तुलनेत मॅक फार महाग दिसतो. पण गरज नुसती जास्त फायली ठेवण्याची असेल तर बाहेरून जोडायची एसएसडी घेऊन ती तेव्हा पाच-सहा हजारांत भागत होती, आणि तुलना पासष्ट-सहासष्ट हजारांवर येत होती. क्षमता सारखी करायची की काम सारखं करायचं, या दोन रीतींनी एकाच यंत्राच्या किमतीत चौदा-पंधरा हजारांचा फरक पडला.

आणि काम म्हटलं की उत्तरं आणखी दूर जातात. हिशेबनिसाचं पोट टॅलीवर आहे आणि टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. त्याच्या टेबलावर मॅकचा सगळा वेग वाया. ज्या मराठी छापखान्याच्या वीस वर्षांच्या फायली श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आहेत आणि परवाने विंडोजचे आहेत, त्याने यंत्राची जात बदलताना त्या फायलींचं काय होणार याचा खर्च आधी मांडावा. उलट जो तरुण रोज व्हिडिओ जुळवून उपजीविका करतो, ज्याचा दिवसाला तासभर वाचतो, त्याला हेच यंत्र ५९,९०० मध्ये स्वस्त पडलं असं मी निःशंक म्हणेन. यंत्राचं मोल त्याच्या डब्यात अर्धंच असतं. उरलेलं समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कामात असतं.

नवं मागणीपत्र

आम्ही तिन्ही कोटेशनं परत केली आणि नवं मागणीपत्र लिहिलं. त्यात तीनऐवजी अकरा ओळी होत्या: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, नवं की रिफर्बिश्ड, रॅमच्या पट्ट्या आणि रिकाम्या खाचा, एसएसडीची जात, मदरबोर्डचं मॉडेल, एसएमपीएसची कंपनी आणि शिक्का, विंडोजचा परवाना आहे की नाही, कीबोर्ड-माऊस धरून की सोडून, हमी किती वर्षांची, कोणाची आणि दारात की दुकानात, भाव करासहित की करावेगळा, आणि भाव किती दिवस कायम. हे मागणीपत्र गेल्यावर दुकानदारांचे फोन आले. एकाने सांगितलं, इतकं कोणी विचारत नाही. पण त्याने अकराही ओळी भरून पाठवल्या, आणि विचारलं की माणूस मोकळेपणाने सांगतो हे मला त्यातून कळलं.

ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ब्रँडेड यंत्र घेतलं, ५५,००० चं, विंडोज आणि दारातल्या हमीसह, कारण ते एक दिवस बंद पडलं तर देवघेव थांबते. अभ्यासिकेसाठी तीन रिफर्बिश्ड घेतले, आठव्या पिढीच्या आय-५ ८५०० चे, प्रत्येकी २४,०००. त्यांवर आज लिनक्स आहे. उद्या गरज पडली तर विंडोज ११ ही चालेल. एकूण १,२७,०००. सगळे ब्रँडेड घेतले असते तर २,२०,००० झाले असते आणि सगळे सर्वांत स्वस्त घेतले असते तर ७२,०००. वर्षांचा भागाकार करून आम्ही मधली वाट निवडली आणि ती का निवडली हे वार्षिक सभेत वर्गणीदारांना कागदावर दाखवता आलं.

खजिनदारांनी त्या दिवशी एक गोष्ट केली. प्रत्येक कॅबिनेटच्या मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवून तिच्यावर खरेदीची तारीख आणि किंमत लिहिली. दर मे महिन्यात ते चिठ्ठ्या बघतात आणि वहीत भागाकार मांडतात. अभ्यासिकेतल्या यंत्रांचं पहिल्या वर्षाचं उत्तर २४,००० होतं. दुसऱ्या वर्षी १२,००० झालं, तिसऱ्या वर्षी ८,०००. यंत्र काम करतं आहे तोवर हा आकडा दर मेमध्ये खाली उतरत राहील.